पॅरिसमध्ये फ्रेंच गाण्यांची पहिली संध्याकाळ : तिकिटापासून टाळ्यांपर्यंत

सवाईला शाल, थर्मास आणि पोळीभाजीचा डबा घेऊन जाणाऱ्या घरातली मी. पॅरिसला आल्यावर पहिल्यांदा गाणं आणि वाद्यांच्या फ्रेंच मैफलीला गेले, तेव्हा दोन तासांत चार चुका केल्या. दुसऱ्याच्या खुर्चीत बसले. दुसऱ्या गाण्यानंतर एकटीनेच टाळ्या वाजवल्या. अंधारात शब्दांचा कागद फडफडवला. आणि गाणं कशाबद्दल चाललंय याचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, ही चौथी आणि सगळ्यांत मोठी.

शिकायला किंवा नोकरीला इथे येणारी आपली मुलं विचारतात, "ताई, जावंसं वाटतं, पण काय कळणार?" कळतं. फक्त कामांचा क्रम बदलायचा: आधी कविता, मग तिकीट, आणि कपड्यांचा विचार सगळ्यांत शेवटी.

१. नक्की काय शोधायचं?

'फ्रेंच गाण्यांची संध्याकाळ' असं शोधलंत तर जुन्या लोकप्रिय गायिका पियाफची गाणी म्हणणारे कॅफे आणि जेवणासकटचे शो समोर येतात. त्यांत मजा आहे, पण ती 'शाँसाँ', म्हणजे लोकप्रिय गाणी. आपल्याला हवी 'मेलोदी'. मेलोदी म्हणजे एखाद्या कवीची कविता आणि संगीतकाराने तिला दिलेली चाल, तीही पियानोच्या स्वरान् स्वरासकट कागदावर लिहिलेली. आपल्याकडचं जवळचं नातं भावगीताशी. पण भावगीतात वाद्यं बहुतेक वेळ गायकाला सांभाळत चालतात. इथे चेलो किंवा फ्लूटला स्वतःचं म्हणणं असतं आणि कधीकधी ते गायिकेच्या म्हणण्याच्या उलट असतं. 'साथ' हा शब्द डोक्यातून काढून टाका.

दुसरा शब्द 'म्युझिक द शाँब्र'. शाँब्र म्हणजे खोली. खोलीत मावतील इतकेच वादक, एकेका भागाला एकच माणूस, माइक नाही आणि बहुधा समोर कंडक्टरही नाही. थोडक्यात बैठक. जाहिरातीत वाद्यांच्या यादीआधी 'व्वा' हा शब्द दिसला तर कार्यक्रम आपला. फ्रेंचमध्ये आवाजाला 'व्वा' म्हणतात. (यावरचा विनोद आमच्या घरी आता जुना झालाय.)

हे सगळं आलं कुठून, तेही दोन ओळींत. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स जर्मनांकडून हरला. तोवर पॅरिसमध्ये मान ऑपेराला होता आणि चेंबर संगीत, म्हणजे हेच खोलीतलं संगीत, म्हटलं की जर्मन. १८७१ मध्ये संगीतकार सँ-साँस आणि मंडळींनी 'सोसिएते नासिओनाल द म्युझिक' ही संस्था काढली, ती नव्या फ्रेंच रचनांना व्यासपीठ मिळावं म्हणून. पुढे तिथल्या जुन्या लोकांशी बिनसल्यावर राव्हेल वगैरे तरुणांनी वेगळी चूल मांडली. आज जे ऐकायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं या दोन चुलींवर शिजलेलं आहे.

२. पत्रिका वाचा, आणि मलार्मेपासून सुरुवात करू नका

कार्यक्रमाची यादी आधीच जाहीर होते. पहिल्या वेळी पुढच्यांपैकी एखादं नाव असलेली संध्याकाळ निवडा.

पूलांकचं 'बेस्तिएर' (१९१९) सगळ्यांत सोपं. आपोलिनेरच्या चार-चार ओळींच्या कविता: उंट, तिबेटी बकरी, टोळ, डॉल्फिन, खेकड्याचा एक भाऊबंद आणि कार्प मासा. सहा गाणी मिळून पाचेक मिनिटांत संपतात. फ्लूट, क्लॅरिनेट, बासून आणि चार तंतुवाद्यं. उंटाच्या गाण्यात उंट चालतो, हे कुणी सांगावं लागत नाही.

फोरेचं 'ला बॉन शाँसाँ' ही व्हर्लेनच्या नऊ कवितांची माळ. (नावात 'शाँसाँ' असलं तरी ही मेलोदीच, पुढची 'शाँसाँ' नावाची गाणीही.) मूळ १८९२ ते ९४ मधलं, फक्त पियानोसाठी. १८९८ मध्ये त्याने त्यात तंतुवाद्यं घातली आणि नंतर नुसता पियानोच बरा होता असं त्यालाच वाटलं. मला तंतुवाद्यांसकटचं आवडतं. संगीतकाराचं सगळंच ऐकायला हवं असं नाही.

राव्हेलचं 'शाँसाँ मादेकास' (१९२५-२६) म्हणजे आवाज, फ्लूट, चेलो आणि पियानो. याच्याकडे पुढे परत येते. गाण्यांच्या मध्ये नुसत्या वाद्यांचं काही असलं तर दब्युसीचा फ्लूट, व्हायोला आणि हार्पचा सोनाटा (१९१५) पुष्कळदा असतो. तो चुकवू नका.

मलार्मेच्या कवितांवरच्या राव्हेलच्या तीन रचना (१९१३) मात्र पहिल्या खेपेला टाळा. ती कविता फ्रेंच माणसालाही सरळ कळत नाही. आपण उगीच न्यूनगंड घेऊन घरी येतो.

आता खास आपल्यासाठी. मॉरिस दलाज हा राव्हेलचा शिष्य आणि मित्र. १९१२ मध्ये तो हिंदुस्थानात हिंडला आणि त्यातून 'कात्र पोएम अँदू', म्हणजे चार हिंदू कविता, तयार झाल्या. गाण्यांना नावं शहरांची: मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर. मद्रास आणि जयपूरचे शब्द भर्तृहरीचे. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' ही ओळ वामन पंडितांमार्फत ज्याच्याकडून आपल्या घरात आली, तोच हा. बनारसमध्ये बुद्धजन्म आहे. लाहोरमध्ये लाहोर शोधू नका, ती हाइनेची जर्मन कविता आहे, बर्फातल्या सूचीपर्णी झाडाला दूरच्या ताडाचं स्वप्न पडतं ती. पण त्याच गाण्यात चेलोवाला गज बाजूला ठेवून तार छेडतो आणि बोट सरकवतो, आणि आपल्या कानाला मींड ऐकू येते. पुढे गायिका तोंड मिटून गुणगुणते. मी ताठ बसले होते. हे पहिल्यांदा पॅरिसमध्ये वाजलं १४ जानेवारी १९१४ ला. त्याच कार्यक्रमात राव्हेलच्या मलार्मेच्या रचना होत्या आणि स्ट्राव्हिन्स्कीची जपानी गाणीही.

असंच रुसेलचं. फ्लूट आणि पियानोसाठी त्याने १९२४ मध्ये चार बासरीवाल्यांची चित्रं लिहिली, त्यातला एक कृष्ण. त्यासाठी त्याने श्री रागाचे स्वर घेतले: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, कोमल धैवत. अपेक्षा मात्र बेतानेच ठेवा. स्वर श्रीचे आहेत, श्री नाही. चलन, न्यास, आरोहात गंधार-धैवत वगळणं हे शोधायला गेलात तर निराश व्हाल. एक फ्रेंच माणूस आपल्या खिडकीतून आत डोकावतोय, एवढं मानून ऐका.

३. कविता आधी वाचा (ही पायरी गाळायची नाही)

शोसाँची 'शाँसाँ पेर्पेत्युएल' (१८९८) नावाची एक रचना आहे, आवाज, पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठी. मी शब्द न वाचता गेले होते. वाटलं, काय सुंदर प्रेमगीत आहे! शेजारच्या आजींनी डोळे पुसले, मी त्यांच्याकडे बघून प्रसन्न हसले. घरी येऊन कविता वाचली. प्रियकर सोडून गेलेली ती बाई तळ्यात जीव द्यायला निघाली होती.

(कविता शार्ल क्रोची. या गृहस्थाने १८७७ मध्ये, एडिसनने फोनोग्राफ करून दाखवण्याआधी, आवाज साठवण्याची युक्ती कागदावर मांडली होती. यंत्र मात्र त्याच्याकडून उभं राहिलं नाही.)

म्हणून असं करा:

कार्यक्रम ठरला की यादीतल्या प्रत्येक गाण्याची पहिली ओळ घ्या आणि 'लीडरनेट' या संकेतस्थळावर शोधा. मूळ कविता असते आणि बऱ्याचदा इंग्रजी भाषांतरही. दोन्ही छापून घ्या. पहिल्यांदा भाषांतर वाचा, दुसऱ्यांदा मूळ, मोठ्याने. उच्चार चुकले तरी चालतील. तिसऱ्या वेळी प्रत्येक कवितेत एकच शब्द अधोरेखित करा, जिथे गोष्ट वळते तो. सभागृहात तो शब्द पकडलात तरी पुरे. तो येतो तेव्हा पियानो काय करतो तेवढं बघा.

फ्रेंच येत असूनही गाताना ऐकू का येत नाही, याचं उत्तर आपल्या अभंगात आहे. आपण बोलताना 'राम्' म्हणतो, अभंगात तोच 'रा-म' होतो, दोन अक्षरांचा. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा मुका 'ए' असाच गाण्यात जिवंत होतो. चंद्राला बोलताना 'ल्यून', गाताना 'ल्यू-न'. शिवाय पॅरिसमध्ये घशातून येणारा 'र' कित्येक गायक गाताना जिभेच्या टोकावरच घेतात, आपल्यासारखा. हे दोन नियम कळल्यावर माझ्या कानावरचं निम्मं मळभ गेलं.

आता 'शाँसाँ मादेकास'. शब्द पार्नीचे, १७८७ साली छापलेले. तो जन्माने आजच्या रेयुनिओं बेटावरचा, आणि १७८५ मध्ये पाँडिचेरीलाही येऊन गेलेला. मादागास्करची गाणी आहेत म्हणून त्याने ती छापली. तीनपैकी मधलं गाणं सुरू होतं ते आरोळीने, 'आवा!', आणि पुढे सरळ सांगतं की किनाऱ्यावर राहणाऱ्यांनो, गोऱ्यांवर विश्वास ठेवू नका. १९२५ मध्ये हे पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा श्रोत्यांतल्या एकाने उठून निषेध केला, कारण फ्रान्स त्याच वेळी मोरोक्कोत लढत होता. हे ठाऊक असेल तर ती आरोळी अंगावर येते. ठाऊक नसेल तर एक बाई मोठ्याने ओरडली, इतकंच. लखलखत्या पॅरिसच्या सभागृहात, सगळ्यांच्या बरोबरीने तिकीट काढून, आपण हे वाक्य ऐकत असतो तेव्हा मनात जे होतं ते मी लिहून सांगणार नाही.

४. सभागृह: लहान ते चांगलं

'साल कॉर्तो' माझं सगळ्यांत लाडकं. सतराव्या विभागात, र्यू कार्दिने, मेट्रो मालझेर्ब. १९२९ मध्ये ओग्युस्त पेरे याने बांधलं, आतून लाकडाचं. पियानोवादक कॉर्तोने त्याला स्ट्रॅडिव्हेरियसची, म्हणजे त्या नामांकित जुन्या व्हायोलिनची, उपमा दिली होती. मागच्या रांगेतही ओठांवरचा शब्द कळतो.

'साल गाव्हो' (१९०७) मोठं आणि देखणं. 'बूफ द्यु नॉर' हे जुनं, पापुद्रे सुटलेल्या भिंतींचं नाट्यगृह. नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रुकने १९७४ मध्ये पुन्हा उघडलं ते हेच. त्याच्या मेट्रो स्टेशनाचं नाव ला शापेल, आणि स्टेशनाबाहेर सगळी तमिळ दुकानं. तासभर आधी जा, डोसा खा, मग गाणं ऐका. पॅरिसमध्ये याहून चांगली संध्याकाळ मला ठाऊक नाही.

पैसे जपायचे असतील तर पोर्त द पाँतँ इथल्या कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे संगीत महाविद्यालयाच्या, विद्यार्थ्यांचे कार्यक्रम बघा. बरेचसे फुकट असतात, फक्त जागा आधी नोंदवावी लागते. 'विद्यार्थी' या शब्दावर जाऊ नका.

चर्चमधले कार्यक्रम दिसायला सुंदर, पण गाण्यासाठी वाईट. दगडी कमानीत आवाज घुमतो, व्यंजनं वाहून जातात, आणि तुम्ही घोकलेला अधोरेखित शब्द कधी आला आणि गेला ते कळत नाही. थंडीत पाय गारठतात ते वेगळंच.

५. तिकीट काढताना फसायच्या जागा

शक्यतो सभागृहाच्या किंवा आयोजकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. पर्यटकांना विकणारी मधली दुकानं महाग पडतात.

'ऑर्केस्त्र' असं लिहिलेली जागा म्हणजे वादकांची नव्हे, तळमजल्यावरची. 'बाल्काँ' वरची. 'व्हिझिबिलिते रेद्युइत' म्हणजे मध्ये खांब किंवा कठडा येणार. 'स्त्रापोंताँ' म्हणजे वाटेतली घडीची खुर्ची, पाठीला त्रास. 'प्लासमाँ लिब्र' म्हणजे नंबर नाहीत, लवकर या.

माझी खुर्ची चुकली ती अशी. जुन्या सभागृहांत सम आकडे एका बाजूला असतात, विषम दुसऱ्या. मैत्रिणीचा नंबर ८, माझा १०. मी मध्ये एक माणूस सोडून बसले. १० हाच ८ चा शेजारी असतो. उलट ८ आणि ९ अशी तिकिटं घेतलीत तर तुम्ही दोघं सभागृहाच्या दोन टोकांना.

गायिका पियानोच्या खोलगट बाजूला, समोर तोंड करून उभी राहते. तिचा चेहरा दिसला पाहिजे, अर्धे शब्द तिथेच कळतात. चौथ्या ते आठव्या रांगेतली मधली जागा उत्तम. ती परवडत नसेल तर बाल्कनीतली मधली घ्या, बाजूची नको.

'आँत्रे लिब्र' म्हणजे प्रवेश मोफत. त्याच्यापुढे 'लिब्र पार्तिसिपासिओं' असं असेल तर शेवटी टोपली फिरते आणि यथाशक्ती टाकायचं असतं. खिशात सुटी रोकड नसली की नजर चुकवत बाहेर पडावं लागतं. केलंय मी ते.

६. सोबत काय घ्यायचं

- तिकीट मोबाइलवर, आणि फोन चार्ज केलेला
- सवलतीचं तिकीट असेल तर पुरावा: विद्यार्थी ओळखपत्र किंवा वयासाठी पासपोर्ट. बऱ्याच ठिकाणी २६ किंवा २८ वर्षांखालच्यांना मोठी सूट असते, पण कागद नसेल तर दारात फरक भरायला लावतात
- कवितांचे छापलेले कागद, सुरू होण्याआधी वाचायला
- खोकल्याच्या गोळ्या, वेष्टन आधीच काढलेल्या
- टोपलीसाठी आणि क्लोकरूमसाठी थोडी नाणी
- लहान पिशवी. दारात तपासणी असते आणि प्रवासी बॅगा आत घेत नाहीत

कपडे: स्वच्छ असले की झालं. जीन्स चालते. साडी नेसलात तर मध्यंतरात दोन आजी येऊन पदराला हात लावून जातील.

७. पोचल्यावर

वेळ '२० h ३०' अशी लिहितात आणि ती खरी असते. आपल्याकडचं साडेआठ नव्हे. दार बंद झालं की पुढच्या खंडापर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. एकदा मेट्रो अडकली म्हणून सात मिनिटं उशिरा पोचले आणि पूर्ण फोरे दाराला कान लावून ऐकला. दारावरच्या मुलीचा दोष नव्हता, तरी राग यायचा तो आलाच.

कार्यक्रमपत्रिका दारात मिळते, कधी फुकट, कधी विकत. त्यात बऱ्याचदा कविता छापलेल्या असतात, पण दिवे मंदावतात. गाणं चालू असताना पान उलटू नका. शंभर माणसांनी एकदम पान उलटलं की झाडावरून वाऱ्याची झुळूक गेल्यासारखा आवाज येतो, आणि तो नेमका शेवटच्या हळव्या ओळीवर येतो.

पियानोजवळ बसलेली आणि मधूनच उभी राहणारी तिसरी व्यक्ती पान उलटणारी असते. तिला कुणी टाळ्या देत नाही. मला दरवेळी द्याव्याशा वाटतात.

८. टाळ्या आणि दाद

आपल्यासाठी सगळ्यांत अवघड हेच. गाणाऱ्याने एखादी जागा चांगली घेतली की 'वा' निघतं, हात मांडीवर जातो. इथे दोन्ही आवरायचं. गाण्यांची माळ असेल तर ती पूर्ण संपेपर्यंत टाळी नाही, मग तिसरं गाणं कितीही जीवघेणं झालेलं असो. मधल्या फटीत लोक खोकतात. खोकणं संमत आहे, दाद नाही!

माळ संपली हे ओळखायचं कसं? पत्रिकेत गाणी मोजून ठेवा. आणि गायिका थांबली म्हणजे गाणं थांबलं असं नाही. मेलोदीत पियानोला पुष्कळदा शेवटचे चार शब्द बोलायचे असतात. तिचे खांदे सैल होईपर्यंत, पियानिस्टचे हात मांडीवर येईपर्यंत थांबा. शंका असेल तर शेजारच्या आजींनंतर टाळी वाजवा. पॅरिसच्या या मैफलींना अशा एक आजी प्रत्येक रांगेत असतातच.

सुरुवातीला वादक स्वर जुळवून घेतात, तेव्हा टाळ्या नकोत. तबला ठोकून घेताना आपण वाजवतो का?

९. 'बिस' आणि परतीची वाट

टाळ्या थांबल्या नाहीत तर आणखी एक गाणं होतं. त्याला इथे 'बिस' म्हणतात, आणि मागणीही 'बिस! बिस!' अशी ओरडूनच होते. इतका वेळ दाबून ठेवलेला आवाज इथे मोकळा करा. हे गाणं पत्रिकेत नसतं. गायिका नाव सांगते, पण दम लागलेला असतो आणि लोक अजून टाळ्या वाजवत असतात, त्यामुळे ऐकू येत नाही. मुखड्याचे दोन-तीन शब्द कसेही करून लक्षात ठेवा, देवनागरीत हातावर लिहिले तरी चालतील, आणि घरी शोधा. नाहीतर क्लोकरूमच्या रांगेत आजींना विचारा. मी दोनदा विचारलंय. दोन्ही वेळा फोरेच निघाला.